गाडीच्या दाराचं डॅम्पिंग: क्रम चुकला की शीटही वाया आणि स्पीकरही

सांगली-मिरजेतले ओळखीचे लोक गाडी घेऊन येतात आणि तक्रार एकच असते, स्पीकर चांगले घेतले, दाराला थरथर थांबवणारी डॅम्पिंगची शीटही लावली, तरी बेस काय येत नाही आणि आवाज वाढवला की दार झणझणतंय. दाराचं पॅड, म्हणजे आतलं प्लास्टिकचं कव्हर, काढून बघितलं की दहातल्या आठ दारांत तेच दिसतं. आतल्या पत्र्यावर चंदेरी शीट गच्च लावलेली, बाहेरचा पत्रा कोरा, मोठी भोकं तशीच उघडी आणि खालची पाणी जायची भोकं मात्र बंद. म्हणजे जे करायचं ते राहिलं आणि जे करायचं नाही ते झालं. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहितोय.

आधी एवढं डोक्यात बसवा की दारात दोन वेगळे प्रॉब्लेम असतात. पहिला पत्रा थरथरण्याचा. दुसरा गळतीचा, म्हणजे स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) पुढे जितका आवाज ढकलतो तितकाच मागे दाराच्या पोटात ढकलतो, फक्त उलटा. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ४.३ मीटर असते, त्यामुळे मागचा आवाज वीतभर लांबच्या भोकातून जवळपास उलटाच पुढे येतो आणि पुढच्या आवाजाला खाऊन टाकतो. बेस जातो तो इथे. थरथर शीटने थांबते, गळती भोकं बुजवून थांबते, आणि एकाचं काम दुसऱ्याने होत नाही. आपल्या मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा घुमावा म्हणून कारागीर जीव ओततात, दाराचं बरोबर उलटं आहे, तिथे वाजायचं ते फक्त स्पीकरच्या कोनने.

## १. सामान: काय घ्यायचं, काय अजिबात नाही

शीट बुटाइल रबरची घ्या, वर अॅल्युमिनियम फॉइल असलेली, २ मिमी जाडी पुढच्या दारांना पुरते. फॉइल शोभेला नसते बरं का. पत्रा आणि फॉइल यांच्यामध्ये बुटाइल ताणलं जातं आणि थरथरीची उष्णता होऊन ती संपते, म्हणून नखाने सहज फाटणाऱ्या पातळ फॉइलची शीट नको, फॉइल ०.१ मिमीच्या आसपास पाहिजे.

गच्चीची गळती थांबवायला हार्डवेअरमध्ये चंदेरी टेप मिळते, दिसायला सेम आणि स्वस्त, म्हणून बरेच जण तीच दारात लावतात. त्यातल्या बऱ्याच टेपा डांबराच्या असतात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या घरात जातो आणि उन्हात लावलेल्या बंद गाडीचं दार त्याहून कितीतरी तापतं, मग डांबर घसरत खाली येतं, काचेला लागतं आणि गाडीत वास सुटतो तो जाता जात नाही.

तपासा: शीट घेतली की एक तुकडा उन्हात उभ्या पत्र्यावर चिकटवून दोन-तीन दुपारी तसाच ठेवा. घसरला किंवा डांबराचा वास आला तर ती शीट दारात घालू नका.

दोन पुढच्या दारांना मिळून दीड ते दोन चौरस मीटर शीट लागते. पाकिटावर शीटची मापं असतात, गुणाकार करून घ्या, दुकानदाराने 'चार दारांचा सेट' म्हटलं म्हणून उचलू नका. वजनाचाही हिशोब ठेवा, २ मिमी शीट चौरस मीटरला साधारण ३ किलो भरते. जुनी गाडी असेल तर आधी दार अर्धं उघडून वर उचलून बघा, बिजागरीत खेळ लागला तर ते काम पहिलं.

बाकी सामान असं: लोखंडी किंवा लाकडी छोटा रोलर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, भरपूर जुनी सुती फडकी, कटर, प्लास्टिकची पॅड काढायची पट्टी, डोअर पॅडच्या दहा-बारा जादा क्लिपा, बंद पेशींचा फोम म्हणजे पाणी न पिणारा (३ ते ६ मिमी), कापडी वायरिंग टेप, आणि साइनबोर्डवाल्याकडे एसीपी (दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली) शीटचे तुकडे पडलेले असतात ते मागून आणा, त्याचं काम पुढे येतं. हातमोजे विसरू नका, दाराच्या आतल्या पत्र्याची धार आणि कापलेली फॉइल दोन्ही ब्लेडसारखी लागतात.

उशीचा स्पंज, ज्यूटचं फेल्ट, ग्लासवुल यातलं काहीही दाराच्या आत नको. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या आत उतरतं हे नॉर्मल आहे, सगळ्या गाड्यांत उतरतं, आणि या वस्तू ते पाणी धरून ठेवतात. स्प्रेचा पीयू फोम तर नकोच नको, तो फुगताना बाहेरचा पत्रा फुगवतो आणि काच अडकवतो.

## २. पॅड काढणे

काच पूर्ण वर घ्या, मगच इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि दहा मिनिटं थांबा. हा क्रम उलटा केला की काच अर्ध्यावर राहते आणि दारात हात घालायला जागाच उरत नाही.

सावधान: साइड एअरबॅगवाल्या काही गाड्यांत दाराच्या आत दाब ओळखणारा सेन्सर असतो, धडकेत दाराच्या पोकळीतला हवेचा दाब वाढला की त्याला कळतं. भोकं बुजवली की तो दाब बदलू शकतो. दारात पिवळा कपलर (वायर जोडायचा प्लग) किंवा तसा सेन्सर दिसला तर तिथेच थांबा, सर्व्हिस सेंटरला विचारा, आणि भोकं बुजवायचा टप्पा त्यांनी हो म्हटल्याशिवाय करू नका.

स्क्रू लपवलेले असतात. आतल्या हँडलच्या मागे टोपणाखाली, दार ओढायच्या खोबणीत, आरशामागच्या तिकोनी कव्हरखाली, काही गाड्यांत पॅडच्या खालच्या कडेला. सगळे निघाल्याची खात्री झाली की खालच्या कोपऱ्यातून पट्टी घालून एकेक क्लिप सोडवा आणि शेवटी पॅड वर उचलून काचेच्या कडेतून काढा. ओढून बाहेर खेचू नका, मागे हँडलची केबल आणि पॉवर विंडोचे कपलर असतात. प्रत्येक स्टेपला मोबाईलवर फोटो काढा, केबल कुठून कशी गेलीय हे संध्याकाळी आठवत नाही.

पॅड निघालं की प्लास्टिकचा पातळ कागद दिसेल. फाडून फेकू नका. दाराच्या आतलं पाणी गाडीत येऊ नये म्हणून तो असतो आणि त्याची खालची कड बघा, ती दाराच्या आत वळवलेली असते, म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी परत दारातच पडतं. तुम्ही जे काही लावाल त्याने हेच काम केलं पाहिजे. कागदाच्या कडेचा काळा चिकट गम हाताला, कपड्याला, सीटला सगळीकडे लागतो, तो सॉल्व्हंटने पुसत बसू नका, त्याच गमचा गोळा करून टपटप दाबत उचला, गोळ्याला चिकटून निघून येतो.

## ३. सफाई, सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा टप्पा

शीट सहा महिन्यांत सुटली की लोक शीटला शिव्या देतात. दोष सफाईचा असतो. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला कंपनीतून आलेला गंजरोधक मेणकट थर असतो, त्यावर वर्षानुवर्षांची धूळ, आपल्याकडे तर उसाच्या सीझनमध्ये रस्त्यावरचा फुफाटा आणि चिपाडाची कुसळंसुद्धा निघतात. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाडी पाण्यात होती असं असेल तर दाराच्या तळाला सुकलेला गाळ सापडणारच, सेकंडहँड गाडी घेतली असेल तरी हात घालून बघा.

क्रम असा ठेवा. आधी कोरडी धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने. मग साबणाच्या पाण्याचं पिळलेलं फडकं. पूर्ण सुकू द्या. मेणकट थर असेल तर थोड्या रॉकेलने किंवा डिग्रीझरने, पण त्याचा स्वतःचा तेलकट थर राहतो म्हणून त्यानंतर आयसोप्रोपिलने परत पुसायचंच. हे मेण फक्त शीट बसणार तेवढ्याच भागातलं काढा, तळाच्या सांध्यातलं राहू द्या, तिथे ते गंज अडवतंय. गंज दिसला तर घासून, प्रायमर मारून, सुकवून मग पुढे. गंजावर शीट लावली तर खालून गंज चालूच राहतो, फक्त दिसत नाही.

तपासा: पांढरं फडकं आयसोप्रोपिलमध्ये भिजवून पत्र्यावर फिरवा. काळं आलं तर परत पुसा. पांढरं निघेपर्यंत शीटचा कागद सोलायचा नाही.

काम चारी दारं उघडून मोकळ्या हवेत करा. अल्कोहोल पेट घेतं, ते पूर्ण उडाल्याशिवाय ड्रायर किंवा हीट गन जवळ आणू नका. पेट्रोलने पुसायचा विचारही नको.

## ४. बाहेरचा पत्रा

स्पीकर काढा आणि त्या भोकातून, बाकीच्या मोठ्या भोकांतून हात आत घालून बाहेरच्या पत्र्यावर काम करायचंय. हाताला ओरखडे येतात, मान अवघडते, म्हणून लोक हा टप्पा टाळतात. पण सगळ्यात मोठा सपाट पातळ पत्रा हाच, जास्त वाजतो तो हाच. आतल्या पत्र्याला घड्या, खोबणी असतात, तो मुळातच ताठ असतो.

बाहेरून बोटाच्या पेराने ठोकत जा. जिथे 'टंग' असा पोकळ लांबणारा आवाज येतो तो मध्यभाग, तिथे शीट हवी. कडेला, घडीजवळ 'टप' असा बसका आवाज येतो, तिथे गरज नाही. सपाट भागाचा पाव ते अर्धा भाग झाकला तरी बहुतेक थरथर जाते, त्यानंतर लावलेल्या प्रत्येक तुकड्याचा फायदा कमी-कमी होत जातो. पैसे उरले तर दुसरा थर देण्यापेक्षा भोकं बुजवायला वापरा, हे मी मनापासून सांगतोय.

शीट वहीच्या पानाएवढ्या तुकड्यांत कापा, मोठी शीट भोकातून आत नेताना स्वतःलाच चिकटते आणि मग सुटत नाही. पहिला तुकडा स्पीकरच्या बरोबर मागे. कागद अर्धा सोला, जागेवर टेकवा, उरलेला कागद ओढत दाबत जा. मग रोलर. फॉइलवर नक्षी असेल तर ती सपाट होईपर्यंत रोलर दाबायचा, नक्षी दिसतेय म्हणजे शीट पूर्ण बसली नाही. पण दाबताना दुसरा हात बाहेरून पत्र्याला आधाराला ठेवा, नाहीतर पातळ पत्र्याला बाहेर टेंगूळ येतं. फुगा राहिला तर टाचणीने टोचून हवा काढा.

हवामान बघून वेळ ठरवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बुटाइल कडक असतं, अकरानंतर काम करा किंवा हेअर ड्रायरने शीट कोमट करा. मे मध्ये उलट, सावलीतच, नाहीतर शीट हातातच लोण्यासारखी होते.

दाराच्या आत आडवी लोखंडी पट्टी असते धडकेसाठी, ती आणि पत्रा यांच्यात कंपनीने मऊ गमचे ठिपके दिलेले असतात. ते सुकून सुटले असतील तर पट्टी आणि पत्रा एकमेकांवर वाजतात. बुटाइलची वळी करून त्या फटीत अलगद बसवा, कोंबू नका.

सावधान, हे सगळ्यात महत्त्वाचं: दाराच्या तळाला दोन-चार लांबट भोकं असतात, पाणी जायची. खालचा ५ सेंटीमीटर पत्रा कोरा सोडा आणि ती भोकं मोकळी ठेवा. माझ्या आधीच्या गाडीचं काम मी एका दुकानातून करून घेतलं होतं आणि त्यांनी तळापर्यंत शीट ओढली. पहिल्या पावसाळ्यात अंकलीच्या पुलावर ब्रेक मारला की डाव्या दारात पाणी डचमळल्याचा आवाज यायचा. दिवाळीपर्यंत दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले होते. ते दार कापून जोडायचा खर्च स्पीकरपेक्षा जास्त झाला, आणि ते दार उघडलं त्या दिवसापासून मी हे काम स्वतः करतो.

तपासा: बाहेरून काचेच्या कडेवर एक तांब्या पाणी ओता. ते मिनिटभरात खालच्या भोकांतून ठिबकलं पाहिजे. नाही आलं तर पुढे जाऊ नका.

## ५. रॉड, केबल, वायर

लॉकचे रॉड आणि वायरिंगचा जुडगा पत्र्यावर आपटून खडखडतो. वायरला कापडी टेप गुंडाळा, रॉडला जिथे पत्र्याला लागतो तिथे पातळ फोम. हलायला जागा राहिलीच पाहिजे. लगेच आतलं हँडल आणि बाहेरचं हँडल दोन्हींनी लॉक उघडतंय का बघा, पण दार उघडं ठेवूनच, स्क्रू ड्रायव्हरने लॉकची खिट्टी दार बंद झाल्यासारखी फिरवून. दार लावून टेस्ट केली आणि अडकलं तर पॅड नसतानाही दार उघडणं जड जातं.

## ६. भोकं बुजवणे

काही नव्या गाड्यांत काचेची मशिनरी एका पूर्ण प्लेटवर बसवलेली असते आणि भोवती रबर असतं, तिथे हा टप्पा जवळपास तयारच मिळतो, फक्त फटी बघा. बाकीच्यांना इथेच मेहनत आहे.

मोठ्या भोकावर नुसती शीट ताणून लावली की ती ढोलकीच्या पानासारखी हलते. हवा अडते पण पडदाच वाजतो. म्हणून आधी पुठ्ठ्याचा साचा कापा, तो एसीपीवर ठेवून भोकापेक्षा चारी बाजूंनी दीड-दोन सेंटीमीटर मोठा तुकडा काढा, कडेला बुटाइलची पट्टी लावून पत्र्यावर दाबून बसवा आणि वरून शीटने झाका. काचेची मोटर, लॉक यांच्यासमोरची प्लेट स्क्रूने बसवा म्हणजे उद्या मोटर गेली तर मेकॅनिकला शीट फाडावी लागणार नाही. स्क्रू आखूड घ्या. काच खाली आल्यावर तिच्या पाठीला लांब स्क्रू लागला तर ओरखडा कायमचा.

छोटी भोकं, बोटाएवढी, नुसत्या शीटने चालतात. क्लिपांची भोकं मात्र एक-एक मोजून मोकळी ठेवा, सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हेच आणि मग पॅड बसवताना बोटांनी चाचपत कटर मारत बसावं लागतं.

कंपनीचा प्लास्टिक कागद काढला असेल तर आता तुमच्या प्लेटा आणि शीट हाच कागद आहे, त्यामुळे खालची कड पाणी आतच ढकलेल अशी ठेवा. मला कागद नीट असेल तर परत लावलेलाच बरा वाटतो.

तपासा: बॅटरी जोडा, काच तीन-चार वेळा पूर्ण खाली-वर करा, कान लावून ऐका. कुठे घासलं तर आत्ताच उघडा. ऑटो विंडो चालत नसेल तर घाबरू नका, बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत ती परत शिकवावी लागते, मॅन्युअलमध्ये पद्धत दिलेली असते. तपासून झालं की काच वर घेऊन तार परत काढा.

## ७. स्पीकर बसवणे

स्पीकर पातळ प्लास्टिकच्या कंपनी-ब्रॅकेटवर लटकवला तर आत्तापर्यंतचं निम्मं काम वाया. ताठ रिंग हवी. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) पाणी पिऊन फुगतं, दोन पावसाळ्यांत स्क्रू निसटतात. एचडीपीई म्हणजे भाजी कापायच्या जाड पांढऱ्या बोर्डाचं मटेरियल, ते कापून छान रिंग होते. रिंग किती जाड हे काच पूर्ण खाली असताना मॅग्नेट आणि काच यांच्यातलं अंतर मोजून ठरवा, वर असताना मोजू नका, त्यासाठी तार तेवढ्यापुरती जोडून काच खाली घ्या.

रिंग आणि पत्रा यांच्यात फोमची गॅस्केट, स्पीकर आणि रिंग यांच्यातही. स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे आवळा. मग स्पीकरच्या पुढच्या कडेला फोमची उभी रिंग लावा, ती पॅडच्या जाळीला टेकली पाहिजे, नाहीतर पुढचा आवाज पॅडच्या मागे घुसून पॅडच वाजवतो. ही पाच मिनिटांची गोष्ट आहे आणि फरक लगेच ऐकू येतो.

पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस बरोबर जोडलंय का, तपासायला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर वायरींना टेकवा, सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर येतो. डावा-उजवा दोन्ही एकसारखे पाहिजेत. एक उलटा असला की बेस गायब होतो आणि दोष डॅम्पिंगच्या डोक्यावर येतो, दोनदा बघितलंय हे.

## ८. पॅड आणि शेवटची टेस्ट

पॅडच्या मागे मोठ्या सपाट भागावर शीटचे दोन-तीन तुकडे, आणि प्लास्टिकला प्लास्टिक किंवा पत्रा लागतो तिथे फोम टेप. १० मिमी फोम घातला की पॅड बसत नाही आणि क्लिपा आठवड्यात उडतात. तुटकी क्लिप परत वापरू नका, जादा आणल्यात त्या त्यासाठीच.

पण पॅड बसवायच्या आधी बॅटरी जोडून एकदा वाजवा. मोबाईलवर ४० ते ३०० हर्ट्झचा स्वीप (खालून वर चढत जाणारा सूर) हळू चालवा, जिथे खडखडेल तिथे हाताने दाबून बघा, दाबल्यावर थांबलं की जागा सापडली. नंतर पॅड लावून परत तोच स्वीप. आवाज दाराचाच आहे ना हेही बघा, नंबरप्लेट, सनव्हायझर, दाराच्या खिशातली नाणी यांनी बरेचदा चुकवलंय. साडेसहा इंची स्पीकरला हाय पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झच्या आसपास लावा, खालचा भार त्याला देऊ नका.

एक दार पूर्ण करा आणि दुसरं कोरं ठेवून बॅलन्स डावी-उजवीकडे फिरवत तेच गाणं ऐका. किती कामाचं झालं, कुठे कमी पडलं हे कळतं आणि दुसऱ्या दारात शीट कमी लागते. दार लावताना 'धप' आवाज आला म्हणून काम जमलं असं धरू नका, तो आवाज नुसत्या वजनानेही येतो.

रस्त्याचा, टायरचा आवाज फारसा कमी होणार नाही, तो खालून फ्लोअर आणि चाकाच्या कमानीतून येतो. हायवेला शांतता हवी असेल तर ते वेगळं काम.

पंधरा दिवसांनी पॅड परत एकदा काढा, शीटच्या कडा उठल्यात का बघा, उठल्या असतील तर रोलर फिरवा. आणि पहिला जोराचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखालच्या मॅटखाली हात घाला. ओलं लागलं तर कागदाची किंवा प्लेटची खालची कड बाहेर राहिलीय, ती आत वळवा.